प्रफुल्लशेजारची जागा

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या देवळात प्रभुभोजन असतं. आम्ही नाशिकचे जुने ख्रिस्ती, चर्चला अजून देऊळच म्हणतो. पाळकसाहेब भाकर मोडतात, प्याला उचलतात, आणि मग एकेक बाक उठून पुढे जातो, गुडघे टेकतो, घेतो आणि परत येतो. त्या दिवशी डावीकडच्या तिसऱ्या बाकावर एक बाई बसून राहायची. बाकीचा बाक तिच्या गुडघ्यांवरून अंग चोरत पुढे जायचा आणि तसाच परत यायचा. ती सरळ समोर बघत बसायची. बारा-तेरा वर्षं हे चाललं. ती माझी थोरली बहीण, विमलाबाई.

ज्याच्या मनात कोणाविषयी अढी असेल त्याने आधी जाऊन समेट करावा, मगच मेजाकडे यावं, असं दर वेळी भोजनाआधी सांगितलं जातं. सगळे माना डोलावतात आणि सगळे जातात. अहो, सुनेशी सहा-सहा महिने न बोलणाऱ्या सासवा जातात. सख्ख्या भावाला कोर्टात खेचलेले जातात. सांगितलेलं खरं मानून बसून राहणारी एकटी आमची अक्का, आणि नावं कोणाला? तिलाच. "पोरगा दारू पिऊन मेला, आणि आईचं मन असं दगड!" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, उपासनेनंतर चहाच्या टेबलापाशी. ज्या बाईने म्हटलं तिला मी तिथेच विचारलं, तुमच्या घरात कोण काय पितं ते सांगू का मंडळीला? तेव्हापासून ती मला बघून रस्ता बदलते. बदलू दे.

मी रंगूबाई. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे, म्हणून मी खरं बोलले तरी ते भांडण धरलं जातं. अक्का माझ्या अगदी उलट. ती बोलली नाही म्हणून लोकांनी खोटं धरून ठेवलं, आणि मी बोलले म्हणून खरं सोडून दिलं. असा हा आमच्या मंडळीचा न्याय.

अक्का मुलींच्या होस्टेलात स्वयंपाक करायची. माझे दाजी लवकर गेले, तेव्हा प्रफुल्ल शाळेत होता. होस्टेलात सगळ्या सुरगाण्याकडच्या, पेठकडच्या डोंगरातल्या पोरी. आईबाप द्राक्षाच्या कामाला बाहेर पडले की या इथे. अक्का त्यांच्यावर ओरडायची, पण पोटभर वाढायची. एकदा कोठीतला गूळ गेला. वॉर्डनबाईंनी फर्मान काढलं की नाव कळेपर्यंत कोणालाही जेवण नाही. अक्काने ऐकून घेतलं आणि पंगत बसवली. वाढता वाढता एका पोरीसमोर थांबली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "गूळ तू घेतलास." पोरगी रडायला लागली. मग अक्काने तिच्या ताटात भात वाढला, वर आमटी घातली, आणि बाजूला गुळाचा खडाही ठेवला.

मी त्या दिवशी तिला भेटायला गेले होते. मी म्हटलं, "अगं, चोरीला बक्षीस देतेस?"

"जेवण बंद करायचं नसतं," अक्का म्हणाली. "पण गूळ उंदराने नेला असंही म्हणायचं नसतं."

आता दिनेशचं सांगते. दिनेश म्हणजे दाजींचा धाकटा भाऊ, अक्काचा दीर. कंपनीत नुकताच पर्मनंट झालेला, बायको अंजली, एक लहान मुलगी तेजल. माणूस तोंडाने गोड आणि संध्याकाळी बाटलीत बुडालेला. प्रफुल्लचा काकावर भारी जीव. बाप नसलेल्या पोराला काका म्हणजे काय असतो ते वेगळं सांगायला नको. प्रफुल्ल देवळात ढोलकी वाजवायचा, आणि स्वभावाने इतका भित्रा की काकाच्या मागे बसला तरी सारखं "काका, हळू" म्हणायचा. त्याला साध्या सोड्याच्या बाटलीनेही ठसका लागायचा.

नांदगावला नात्यातलं लग्न होतं. काका-पुतणे मोटारसायकलवर गेले. परत येताना सायखेडा फाट्याजवळ उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती, तिच्यावर गाडी गेली. प्रफुल्ल जागच्या जागी गेला. दिनेशचं गळ्याजवळचं हाड मोडलं, बाकी धड.

आम्ही दोघी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा सकाळ झाली होती. दिनेश स्ट्रेचरवरून खाली उतरला आणि त्याने अक्काचे पाय धरले. "वहिनी, गाडी मी चालवत होतो. मी प्यालो होतो. तो मागे बसून नको नको म्हणत होता." मी तिथेच होते, पाण्याची बाटली हातात घेऊन. त्याच्या तोंडाचा वास मला अजून आठवतो. दुपारी पोलीस जबाब घ्यायला आले, आणि तोवर त्याच्या तोंडी गाडी प्रफुल्ल चालवत होता!

अक्काची सासू, भागीबाई, तिथेच फरशीवर बसली होती. म्हातारीने पदर पसरला. "विमले, माझा एक लेक गेला, आता नातू गेला. हा एवढा राहू दे मला. नोकरी जाईल, तुरुंगात जाईल, पोरीला कोण बघेल?"  पोलिसांनी विचारलं तेव्हा अक्का म्हणाली, मी तिथे नव्हते. ते तर खरंच होतं. प्रफुल्ल प्यालेला होता असं दिनेशने सांगितलं नव्हतं हो, ते लोकांनीच जोडलं. लग्नाचं घर, तरुण पोरगा, रात्रीचा रस्ता, आणखी काय लागतं? पण त्याने ते खोडलं नाही. एका शब्दाने खोडलं नाही.

मी खोडलं. गल्लीत, देवळात, अंत्यविधीच्या मंडपातसुद्धा. लोक म्हणाले, रंगूचं दिनेशशी पहिल्यापासून पटत नाही. अक्काकडे बघितलं तर ती गप्प. मग माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

त्यानंतरचा पहिला रविवार आला, आणि अक्का बाकावर बसून राहिली. दिनेश मात्र गळ्यात हात अडकवून, खाली मान घालून पुढे गेला. सगळ्यांना त्याचंच वाईट वाटलं.

दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात मैदानावर मंडप घालून सभा झाल्या. बाहेरगावचे प्रचारक आले होते. तिथे दिनेश रडत रडत पुढे गेला आणि त्याचं तारण झालं. दारू सुटली, ते खरं. अंजलीच्या अंगावरचे वळ गेले, तेही खरं. मी नाही म्हणत नाही. पण त्याला साक्ष द्यायची जी चटक लागली म्हणता! प्रार्थनासभा कुठलीही असो, बंधू दिनेश उभे. मी किती पीत होतो, बायकोला कसं मारत होतो, कंपनीत खोट्या रजा कशा टाकत होतो, सगळं रंगवून सांगायचा. बायका डोळे पुसायच्या. आणि शेवटी म्हणायचा, "माझ्या लाडक्या पुतण्याच्या मरणाने प्रभूने माझे डोळे उघडले." ऐका! पोराला मारलं ते मारलं, वर त्याचं मरण आपल्या साक्षीला फोडणीसारखं घातलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

आणि अक्का? दिनेशची साक्ष जिथे असेल तिथे ती जायची. पुढच्या रांगेत बसायची. पहिल्यांदा मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. मग एकदा रिक्षातून जाताना तिने सांगितलं. "आज सांगेल गं. इतकं सगळं सांगतो, एक दिवस तेही सांगेल." त्या दिवशी त्याने नवीन पाप सांगितलं, लहानपणी शेजारच्यांची कोंबडी चोरल्याचं. लोक हसले. 

सासू गेल्यावर मी तिच्या मागे लागले. "आता कोणासाठी थांबलीस? उभी राहा आणि सांग."

"मी सांगितलं तर ती तक्रार होते," ती म्हणाली. "त्याने सांगितलं तर ती कबुली. मला तक्रार करायची नाही, रंगे."

"म्हणजे आपल्या पोराचं नाव असंच चिखलात राहू द्यायचं?"

"मी काय आनंदाने राहू देते का?" ती एकदम ओरडली. तिला ओरडताना मी होस्टेलाबाहेर पहिल्यांदाच ऐकलं. मग मीच चहा टाकला.

गेल्या वर्षी दिनेशचं लिव्हर गेलं. जुन्या दारूने आपलं वसूल केलं. यंदा डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, आणि थोड्याच दिवसांत अंजली अक्काच्या दारात आली.

इथे आमच्या कबरस्तानाचं सांगायला हवं. ते केव्हाच भरलंय. नवीन माणसाला आता गावाबाहेरच्या प्लॉटवर नेतात. तिकडे बाभळी आहेत, भिंत पडकी आहे, रिक्षावाले यायला कुरकुर करतात. जुन्या कबरस्तानात जायचं तर आपल्या घरची कबर पुन्हा उघडावी लागते. तिलाही नियम आहे: एकदा माती दिली की बारा वर्षं कबरीला हात लावायचा नाही, आणि उघडायची झाली तर ज्याचं माणूस आत आहे त्याने पंचांसमोर स्वतः येऊन "उघडा" म्हणायचं. आमच्यात तोंडच्या शब्दाला मान आहे, निदान कबरस्तानात तरी.

दाजी आणि प्रफुल्ल एकाच कबरीत आहेत. बारा वर्षं नुकतीच सरली होती. त्या कबरीत तिसरी जागा अक्काची, हे ती प्रफुल्ल गेल्या दिवसापासून धरून होती. सत्तरीला टेकलेली बाई, दोन पायऱ्या चढली की धापा टाकते. तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं दुसरं काय होतं? दर ईस्टरच्या पहाटे आम्ही कबरीला चुना लावायला जातो, तेव्हा ती म्हणायची, "रंगे, मला पोराच्या बाजूला टाका, एवढं बघ." आता दिनेश तिथे गेला की कबर पुन्हा बारा वर्षं बंद. म्हणजे अक्का गावाबाहेर, बाभळींत, आणि पोराच्या उशाशी त्याला मारणारा.

अंजली म्हणाली, "ताई, त्यांना आपल्या माणसांत जायचंय. दुसरं काही मागत नाहीत."

मी दारातून तिला हाकलणारच होते. अक्का म्हणाली, "त्याला सांग, देवळात उभं राहून एवढंच म्हणायचं: गाडी मी चालवत होतो. मग मी उघडा म्हणते."

अंजलीने मान खाली घातली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. तरुण माणूस, नवीन बदली झालेली, इस्त्रीची पँट. बसले, प्रार्थना केली, आणि हळूच मुद्द्यावर आले.

"विमलाबाई, कृपेला अट नसते. आपण कोण अट घालणारे? वधस्तंभावर शेजारी खिळलेल्या चोराला स्वर्गात नेताना प्रभूने काही अट घातली का?"

मला राहवेना. "त्या चोराने आधी कबूल केलं होतं, साहेब! मी माझ्याच कर्माची फळं भोगतोय म्हणाला तो. शेजारच्यावर नव्हतं ढकललं!"

"रंगे, चहा टाक," अक्का म्हणाली. मी उठले नाही.

मग ती साहेबांना म्हणाली, "देवाने त्याला माफ केलं असेल. मी कोण नाही म्हणणारी? ते देवाचं. पण माझ्याकडे त्याने कधी मागितलं? दवाखान्यात पाय धरले, आणि दुपारी सोडले. नंतर सगळं वरच्या वर मिटवलं आणि मला साक्षी ऐकवल्या. देवाची कृपा त्याला मिळाली, चांगलं झालं. कबर माझी आहे."

साहेब म्हणाले, "मरणाच्या दारातला माणूस आहे. मुलीचं लग्न ठरतंय. मंडळीत नाचक्की झाली तर—"

"माझ्या पोराची झालीच आहे, साहेब. ती कोणाला दिसली नाही."

साहेबांनी चहा न घेताच सलाम केला आणि ते उठले. जाताना म्हणाले, मी दिनेशभाऊंशी बोलतो. तेवढं मात्र त्यांनी केलं.

पुढच्या पहिल्या रविवारी दिनेशला खुर्चीत बसवून देवळात आणलं. अंगावरचा शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता, डोळे पिवळे. देऊळ भरलेलं होतं. मागच्या बाकावर तेजलचे होणारे सासू-सासरे बसले होते. बंधू दिनेश शेवटची साक्ष देणार म्हणून कुजबुज चालली होती. अक्काने माझा हात धरला. 

तो बोलायला लागला. दारू, बायको, खोट्या रजा, सगळं जुनंच. मग थांबला. त्याने अक्काकडे बघितलं, आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की आता हा सांगणार. "त्या रात्री," तो म्हणाला, "नांदगावहून येताना... गाडी..." देवळात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. त्याची नजर मागच्या बाकाकडे गेली आणि तिथून फिरून खाली आली. "देव सगळं जाणतो," तो म्हणाला. "प्रभूची स्तुती असो."

"हालेलुया!" मंडळी म्हणाली.

अक्काने माझा हात सोडला. साहेबांनी दिनेशला भाकर आणि प्याला खुर्चीतच नेऊन दिला. बाक तिच्या गुडघ्यांवरून पुढे गेला. ती बसून राहिली, आणि मला तर असा संताप आला होता की खुर्चीसकट त्याला उचलून बाहेर टाकावं.

तो त्याच आठवड्यात गेला. सकाळी अंजली आली, एकटीच. दारातच उभी राहिली, आत आली नाही. "ताई, गावाबाहेरच्या प्लॉटवर नेतोय. सांगायला आले. मागायला नाही आले."

"बरं झालं," मी म्हटलं. मला चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा शेवटपर्यंत खोटा राहिला. मग जा म्हटलं बाभळीत.

अक्का उठून दारापाशी आली. मग म्हणाली, "काळूला निरोप धाडा. मी पंचांकडे येते."

काळू म्हणजे आमचा कबर खोदणारा. अंजली तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग रडत धावली. मी अक्कासमोर दारात आडवी उभी राहिले.

"अक्का, तुला वेड लागलंय? तुझी जागा जाईल!"

"माहीत आहे."

"त्याने सांगितलं नाही! तू अट घातली होतीस!"

"घातली होती." ती पलंगावर बसली. "तो लायक होईल म्हणून इतकी वर्षं मी ताट वाढून हातात धरून बसले, रंगे. तो काही झाला नाही. आता होणारही नाही, मेला. आणि ताट माझ्याच हातात निवलं. माझे हात दुखतात आता." ती रडत होती, पण आवाज रागाचाच होता. "लायक झाल्यावर दिलं तर त्यात माझं काय? ते तर कोणीही देईल. जेवण बंद करायचं नसतं."

"आणि गूळ?" मी ओरडले. "गूळ उंदराने नेला म्हणायचं का?"

तिने डोळे पुसले. पदर डोक्यावर घेतला, चप्पल घातली आणि मला हाताने बाजूला करून गेली. पंचांसमोर जाऊन तिने "उघडा" म्हटलं, एवढंच.

काळूने कबर उघडली. दाजींचं आणि प्रफुल्लचं जे काही उरलं होतं ते त्याने पांढऱ्या कापडात वेगवेगळं बांधलं. आमच्याकडे तसंच करतात. नवीन पेटी उतरवली की जुनी गाठोडी पायाशी ठेवायची. अक्का पुढे झाली आणि तिने प्रफुल्लचं गाठोडं काळूच्या हातातून घेतलं. पदरात धरून उभी राहिली. किती हलकं असेल हो ते! माझ्या डोळ्यांना धार लागली होती, आणि मी त्या पेटीला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

पेटी खाली गेली. साहेबांनी प्रार्थना म्हटली. मग मूठमूठ माती टाकायला लोक पुढे आले: अंजली, तेजल, तेजलचे होणारे सासरे, पंच. अक्काची पाळी आली तर तिचे हात भरलेले. ती कबरीच्या काठाशी जाऊन उभी राहिली आणि खाली बघून बोलली, होस्टेलात पंगतीत बोलायची त्याच आवाजात.

"दिनेश, गाडी तू चालवत होतास."

कोणीतरी खोकलं. साहेबांनी पुस्तक मिटलं.

"तू प्यालेला होतास. माझा प्रफुल्ल मागे बसला होता आणि नको म्हणत होता. तो प्यालेला नव्हता. हे मंडळीने ऐकावं." तिला धाप लागली, म्हणून थांबली. "आणि मी तुला माफ केलं. तेही मंडळीने ऐकावं."

"ही काय वेळ आहे का?" पंचांतला एकजण पुटपुटला.

"खरं आहे," अंजली म्हणाली. ती मातीत बसली होती. "मला सांगितलं होतं त्यांनी. मलाही माहीत होतं. ताई खरं बोलतायत."

ज्या बाईने चहापाशी दगड म्हटलं होतं ती माझ्या समोरच उभी होती, पायाच्या अंगठ्याने माती उकरत. मी तिच्याकडे टक लावून बघितलं. तिला रस्ता बदलायला तिथे जागा नव्हती.

काळूने गाठोड्यासाठी हात पुढे केला. "बाई, पायाशी ठेवू?"

"पायाशी नाही," अक्का म्हणाली. "वर, छातीवर ठेव. उचलू दे त्याला आता."

काळूने तसंच ठेवलं, दाजींना बाजूला ठेवलं आणि माती ओढली. तेजलच्या होणाऱ्या सासऱ्यांनी शेवटपर्यंत थांबून आणखी एक मूठ टाकली. लग्न मोडलं नाही. ज्या भीतीपायी त्याने तोंड शिवून घेतलं, ती भीती अशी फुसकी निघाली.

काल पहिला रविवार होता. समेटाचं सांगून झालं, भाकर मोडली, आणि आमचा बाक उठला. अक्का उठली. इतक्या वर्षांनी उठली तर मागच्या बाकावरचे लोक मान वाकडी करून बघायला लागले. तिने माझ्या खांद्याला हात लावला. "चल, रंगे."

मी उठले नाही. काय करू? माझ्याच्याने झालं नाही. ती गावाबाहेर बाभळींत जाणार, आणि तो माझ्या प्रफुल्लपाशी पडलाय. सांगितलेलं खरं मानायचं तर मला पुढे जाता येत नाही, आणि खोटं जायला मी काही दिनेश नाही. सगळा बाक माझ्या गुडघ्यांवरून अंग चोरत पुढे गेला. अक्काने गुडघे टेकले, घेतलं, कठड्याला धरून उठली, परत आली आणि माझ्या शेजारी बसली. मी का बसले ते तिला कोणी सांगायला नको. समेट करायचा तर मला आता त्या कबरीशीच करायचा आहे, आणि ती बारा वर्षं उघडणार नाही.